तोटीचा दुसरा बोल्ट

आमच्या हुलसूरच्या घरी मोटार आली ती दवाखान्याला लागून असलेल्या गोठ्यात. म्हैस विकली गेली होती, गव्हाणी काढून टाकल्या होत्या, आणि जिथं आई रोज पहाटे धार काढायची तिथं काळी, चौकोनी, उंच चाकांची मोटार येऊन उभी राहिली. एका जागीरदाराच्या घरची ती. जागीर गेली, घरातले लोक हैदराबादला निघून गेले आणि मोटार अप्पांच्या गळ्यात पडली. अप्पा म्हणजे माझे वडील. पंचक्रोशीत इंग्रजी औषधं देणारे ते एकटे डॉक्टर. मोटार येण्याआधी ते खेड्यांवर बैलगाडीनं जायचे, आणि बरेचदा पोचायचे तेव्हा रोगी तरी उठून बसलेला असे, नाहीतर त्याला बाहेर काढून ठेवलेलं असे. म्हणून त्यांना मोटारीचं अप्रूप नव्हतं, गरज होती. आईला मात्र म्हैस गेल्याचं दुःख पुष्कळ दिवस होतं. "हिला चारा घालावा तर दूध न्हाई, आन दूध न्हाई तर श्याण बी न्हाई," असं ती मोटारीकडं बघून म्हणायची.

घर लहान होतं. दोन थोरल्या बहिणी लग्न होऊन उदगीरकडं गेल्या होत्या, आणि मागं आम्ही तिघंच उरलो होतो. पहाटे जात्याचा आवाज, मग आईनं भाकरी थापल्याचा, मग अप्पांच्या खलबत्त्याचा. मला आजही झोपेतून उठताना हेच तीन आवाज याच क्रमानं ऐकू येतात. न्याहारीला ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि करडईचं तेल. तेल वाटीत घेऊन चटणीत आळं करायचं आणि त्यात ओतायचं. थंडीत आई भज्जी करायची, म्हणजे हरभऱ्याचा पाला आणि तुरीचे दाणे घालून केलेली पातळ भाजी. दवाखान्यात बसलेल्या परगावच्या लोकांनाही ती वाटीतून जायची. घरात बोलणं मराठी, दवाखान्यात निम्मं कानडी, आणि अप्पांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या उर्दूत, कारण त्यांचं वैद्यकीचं शिक्षण त्याच भाषेत झालेलं. कुठली भाषा कुठं संपते हे आम्हांला कुणी विचारलंही नव्हतं.

मोटारीची भाषा मात्र मी बाबूमियाँकडून शिकले. ते त्याच जागीरदाराचे शोफर होते. जागीर गेल्यावर हुमनाबादला सडकेच्या कडेला लॉऱ्यांची दुरुस्ती करू लागले. महिन्या-दोन महिन्यांनी ते कल्याणीवरून बसनं आमच्याकडं यायचे, मोटारीचं जे काय दुखत असेल ते बघायचे, जेवायचे आणि जायचे. साठीच्या पुढचे, उंच, वाकलेले. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी त्यांचा थोरला मुलगा गेला होता. कसा गेला हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. अप्पांची बोटं जाड होती. जखम शिवताना ती हलकी व्हायची, पण लोखंडाशी त्यांचं जमत नसे. माझे हात बारीक होते आणि इंजिनाच्या सांदीत जायचे. "इसका हात जाता, डाक्टरसाब. इसकू करने देव," असं बाबूमियाँ म्हणाले आणि तेव्हापासून पाना माझ्या हातात आला. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी परकर खोचून मोटारीत डोकं घालून उभी राहते हे गावाला विचित्र दिसायचं. आई गोठ्याचं दार पुढं ओढून घ्यायची. मला मात्र त्याचा अभिमान होता, आणि तो बराच वाढला होता. हे आत्ताच सांगून ठेवते.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला मोटारीतून पाणी गळू लागलं. इंजिनाच्या डोक्यावर ओतीव लोखंडाची एक वाकडी तोटी असते, तिच्यातून गरम पाणी नळीवाटे पुढं जातं. ती तोटी दोन बोल्टांनी बसवलेली. तिच्या खालचं पुठ्ठ्याचं गास्केट कुजलं होतं आणि थेंब थेंब पाणी बाहेर येत होतं. फार काही मोठं नव्हतं. अप्पा पाण्याचा डबा बरोबर ठेवायचे, वाटेत दोनदा भरायचे आणि काम चालायचं. मी म्हटलं, "मी बदलते. दोन तर बोल्ट हायत." अप्पांनी वाकून बघितलं. बोल्टांवर गंजाचा थर चढला होता, कडा दिसत नव्हत्या. "बाबूमियाँ येतील पुढच्या आठवड्यात. तवर हात लावू नको, यमू," ते म्हणाले. मी बरं म्हटलं.

त्याच दिवसांत गोदावरी आमच्याकडं यायची. नऊ मैलांवर बोरवाडी म्हणून गाव आहे, तिथल्या भागाबाईची ही मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी असेल. बाजाराच्या दिवशी मायलेकी बैलगाडीनं हुलसूरला यायच्या. भागाबाई बाजार करायची आणि गोदावरी दवाखान्याच्या ओट्यावर पाय पसरून माझ्याशी बोलत बसायची. तिला मोटारीचं फार. एकदा मी तिला आत बसवलं तर तिनं सीटवर हात फिरवला, हॉर्नचा रबरी फुगा दाबला आणि स्वतःच दचकून हसली. शेवटच्या खेपेला अप्पांनी तिच्या पायावर अंगठा दाबला, तो खळगा तसाच राहिला. डोळ्यांपुढं अंधारी येते का विचारलं. ती म्हणाली, कधी कधी. अप्पा भागाबाईला म्हणाले, "मीठ बंद करा. डोकं दुखलं, झटका आला, पोट दुखाया लागलं, काय बी झालं तर लगीच माणूस पाठवा. मोटार घेऊन येतो." भागाबाईनं मोटारीकडं बघितलं आणि मान हलवली. तिच्या चेहऱ्यावरची काळजी त्या शब्दानं कमी झाली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी अप्पांना सरकारी कामासाठी बसनं बिदरला जावं लागलं. एक मुक्काम होता. ते गेले आणि मी गोठ्यात गेले. मनात एवढंच होतं की अप्पा परत आल्यावर बॉनेट उघडतील, तोटी कोरडी दिसेल आणि ते बाबूमियाँना सांगतील. पहिला बोल्ट सुटला. कुरकुरला, पण सुटला, आणि त्यानं माझं डोकं फिरवलं. दुसरा इंजिनाच्या मागच्या अंगाला होता. त्या मापाचा पाना मागं कुठल्यातरी शेतात पडून हरवला होता. उरला होता तो जरा मोठा. मी डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून सांदीत घातली आणि जोर लावला. पाना घसरला. परत बसवला, परत घसरला. तिसऱ्या वेळी मी पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली, म्हणजे जोर दुप्पट होतो, आणि सगळं अंग टाकलं. पाना सटकन फिरला. मला वाटलं, सुटला. हात लावून बघितलं तर बोल्ट जागच्या जागी, आणि त्याच्या सहा कडा चाटून गेलेल्या. पान्यात धरायला काही उरलं नव्हतं. बोट फिरवलं तर सुपारीसारखा गोल लागत होता.

तिथं थांबायला हवं होतं. पहिला बोल्ट परत बसवला असता तर मोटार पहिल्यासारखीच गळत का होईना चालली असती. मी थांबले नाही. मी छन्नी आणि हातोडा आणला, बोल्टाच्या कडेला छन्नी तिरपी लावली आणि ठोकू लागले. आईनं आतून विचारलं, "काय करायलीस गं एवढं?" मी म्हटलं, "काय न्हाई." सातव्या की आठव्या घावाला छन्नी घसरली आणि तोटीच्या कानावर बसली. टक् असा आवाज झाला. फार लहान आवाज. तोटीचा बोल्टाखालचा कान उभा तडकला होता, आणि तडा वर नळीपर्यंत गेला होता. मी पाणी ओतून बघितलं. ते तड्यातून पदरासारखं खाली आलं.

मी हत्यारं पुसून जागेवर ठेवली. बॉनेट लावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्पा आले ते उन्हानं आणि बसच्या धुरळ्यानं थकून. हातपाय धुतले, दूध-भाकरी कुस्करून खाल्ली आणि बिदरच्या साहेबांबद्दल आईला काहीबाही सांगत बसले. मी दोनदा त्यांच्यापर्यंत गेले आणि परत फिरले. सकाळी सांगू, असं ठरवलं. मागं मी पुष्कळदा हिशेब केला आहे. त्या संध्याकाळी सांगितलं असतं तर अप्पांनी निदान कुणाची तरी हलकी दमणी गाडी आणि धावते बैल सांगून ठेवले असते. त्यांचा स्वभावच तसा होता. एक सोय मोडली की दुसरी करून ठेवल्याशिवाय ते झोपायचे नाहीत.

सकाळी अप्पा न्याहारीला बसले होते, तेवढ्यात गोदावरीचा भाऊ मारुती आला. साखळी तुटलेली सायकल शेवटचे तीन मैल पळत ढकलत आणली होती त्यानं. त्याला धाप लागली होती. "डाक्टरसाब, गोदीला झटके यायलेत. पहाटेपून दोनदा. दातखीळ बसायली. मोटार काढा लवकर." अप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. पिशवी घेतली, सुईचा डबा घेतला आणि गोठ्यात गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी सवयीनं रेडिएटरमध्ये पाणी ओतलं आणि ते खाली वाहू लागलं. त्यांनी बॉनेट उघडलं. गोल झालेला बोल्ट, छन्नीचे चकचकीत घाव, तडा. ते सगळं त्यांनी बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं मारतील. त्यांनी कधी मारलं नव्हतं. ते फक्त म्हणाले, "कधी?"

"परवा."

मारुतीला यातलं काही कळलं नाही. तो दारातच उभा होता. आई बाहेर आली, तिनं एक नजर टाकली आणि आत जाऊन परातीत उडदाचं पीठ घट्ट भिजवून आणलं. फुटक्या घागरीला ती उडदाचं पीठ लावायची, ते वाळलं की दगडासारखं होतं. तिनं स्वतःच्या हातानं तड्यावर लिंपलं, जुन्या लुगड्याची पट्टी करकचून गुंडाळली. "जाऊन बघा," म्हणाली. वाळायला वेळ नव्हता. अप्पांनी हँडल मारलं, मोटार चालू झाली. मारुती पुढं, मी मागं पाण्याचे दोन डबे घेऊन. वेशीबाहेर पडलो आणि मी देवाचं नाव घेऊ लागले. पहिला मैल झाला. ओढ्याच्या उतारावर बॉनेटखालून वाफ यायला लागली. चढावर पीठ, पट्टी आणि उकळतं पाणी एकदम फुटून काचेवर आलं. काच पांढरी झाली. इंजिन दोन आचके देऊन थांबलं, आणि परत फिरेना.

अप्पा खाली उतरून शेतांतून हाका मारत पळाले. मी त्यांना आधी कधी पळताना पाहिलं नव्हतं. धोतर एका हातात, दुसऱ्या हातात पिशवी. बऱ्याच वेळानं एका कुळवाड्याची गाडी मिळाली, शेणखत उतरवून रिकामी केलेली. मारुतीनं बैलांच्या शेपट्या पिळल्या आणि गाडी ओढ्यापलीकडं दिसेनाशी झाली. अप्पांनी जाताना मला सांगितलं, "तू मोटारीपाशी थांब." ती शिक्षा नव्हती. मोटार एकटी सोडता येत नव्हती, एवढंच. पण दिवसभर मी त्या मोटारीच्या सावलीत बसले. सावली इकडून तिकडं गेली, तशी मीही सरकले. दुपारी आईनं कुणाच्यातरी हाती भाकरी पाठवली. ती तशीच फडक्यात राहिली. टिटवी ओरडत होती. मी मनातल्या मनात बैलांची पावलं मोजत होते. आता आंब्याचं झाड आलं असेल, आता टेकाड, आता बोरवाडीची वेस.

ऊन उतरताना गाडी परत आली. बैल रमतगमत येत होते. त्यावरूनच मला कळलं. अप्पा गाडीच्या कडेला पाय सोडून बसले होते आणि पिशवी त्यांच्या मांडीवर होती. ते उतरले, म्हणाले, "मी पोचायच्या तासभर आधी गेली. लेकरू जगलं, पोरगी हाय, सुईणीनं काढली." थोड्या वेळानं म्हणाले, "त्यांनी इचारलं. मी सांगितलं, मोटार बंद पडली." मग कुळवाड्यानं बैल मोटारीला जोडले आणि आम्ही दोघं मोटारीमागून चालत घरी आलो.

मोटारीला पाऊण तास लागला असता. अप्पा नऊला तिथं असते. ती दुपारी एकपर्यंत होती.

पुढचे दिवस आई माझ्या ताटात वाढायची, डोक्याला तेल लावायची, पण बोलायची नाही. अप्पांनी हुमनाबादला निरोप पाठवला आणि चार दिवसांनी बाबूमियाँ आले. बरोबर कुठल्यातरी भंगार मोटारीची तशीच एक वाकडी तोटी घेऊन. त्यांना गोदावरी गेल्याचं कळलं होतं, बसमध्येच कुणीतरी सांगितलं असावं. बॉनेट उघडून त्यांनी चष्मा लावला, छन्नीच्या घावांवर आणि बोल्टावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "ये तोटी बदलनेकू पहले ये बोल्ट निकलना. मेरेकू अब बारीक नईं दिखता. तू निकाल."

मी म्हटलं, "मी न्हाई. मी हात लावत न्हाई आता."

"हौ," ते म्हणाले, आणि बाजेवर जाऊन बसले. विडी काढली, पण पेटवली नाही. पुष्कळ वेळ गेला. ते आता बोलतील, समजावतील, म्हणून मी वाट बघत होते.  शेवटी मीच उठून घासलेटची बाटली आणली.

त्या बोल्टाला दोन दिवस लागले. आधी त्यांनी बोल्टाच्या बुडाशी मातीचं लहानसं आळं करायला लावलं आणि त्यात घासलेट घालून ठेवलं. तासा-तासानं हातोड्यानं बोल्टाच्या डोक्यावर सरळ, हलके ठोके द्यायचे. फोडायला नव्हे, आतला गंज हलावा म्हणून. शंभर ठोके झाले की परत घासलेट. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं घासलेट कोरडं पुसून काढलं. आईच्या चुलीत एक सळई लाल केली. ती मी चिमट्यानं धरून आणायची, बोल्टाच्या डोक्यावर टेकवायची, काळी पडली की परत चुलीत. आई भाकरी करत होती. सळईला जागा करून देण्यासाठी तिनं न बोलता तवा बाजूला सरकवला. आठ-दहा खेपा झाल्यावर बाबूमियाँनी मेणबत्ती दिली. तापलेल्या बोल्टाला ती लावली की मेण वितळून आट्यांत शिरायचं, दिसायचं सुद्धा. गार झाल्यावर कानस. "दो बाजू सपाट कर, आमने-सामने. छै नक्को, दोच." त्या अडचणीच्या जागेत कानस बोटभरसुद्धा सरकत नव्हती. मी हाताची सालटं काढत घासत राहिले. दुपारपर्यंत गोल डोक्याला दोन सपाट बाजू आल्या. मग एक माप लहान पाना, तोही जेमतेम, हातोड्यानं ठोकून बसवायचा.

त्या घासण्याच्या वेळी केव्हातरी त्यांनी मुलाचा विषय काढला. आमच्याकडं पहिल्यांदाच. म्हणाले, "सालभर बाद एक आदमी आया मेरे घर. हमारेच गाँव का. बोला, बाबूमियाँ, उस दिन मैं वहाँच था. तुम्हारे बच्चे कू ले जारे थे. मैं कुछ नईं बोला."

माझी कानस थांबली. "मग तुमी काय म्हणालाव?"

"बैठो बोला." ते मोटारीच्या चाकाकडं बघत होते. "और क्या बोलना? बैठा. चाय पिया. चले गया." मग म्हणाले, "घिस."

पाना बसल्यावर मी सोडवायच्या बाजूला जोर लावणार होते, तर त्यांनी हात धरला. "पहले कस. जरासा." मी आवळायच्या बाजूला केसभर दाबलं. आतून बारीक चिरका आवाज आला. मग उलट्या बाजूला. हलला नाही. परत आवळ, परत सोड. परत मेण. चौथ्या-पाचव्या वेळी पाना केसभर सरकला. या वेळी पाना घसरला नव्हता, बोल्टच फिरला होता. हाताला फरक कळतो. अर्धा आटा पुढं, पाव आटा मागं, असं करत संध्याकाळी तो माझ्या हातात आला. तपकिरी, मेणकट, अजून गरम. मला रडू आलं आणि बाबूमियाँ हात धुवायला उठून गेले. नवी तोटी बसवायला तेलात भिजवलेल्या पुठ्ठ्याचं गास्केट आणि तासभर, एवढंच लागलं.

(माझा नातू पुण्याला मोटारीच्या कारखान्यात आहे. त्याच्या गाडीचं बॉनेट उघडलं की आत नुसतं काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं. परवा त्यानं सांगितलं, असे गोल झालेले बोल्ट काढायला आता वेगळे पाने मिळतात, दोन मिनिटांचं काम. मी बरं म्हटलं.)

मोटार चालू झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अप्पांना म्हटलं, मला बोरवाडीला जायचंय. ते काही विचारत बसले नाहीत. मूल बघायला त्यांना तसंही जायचंच होतं. मोटार त्यांनी गावाबाहेर लिंबाखाली उभी केली. तिचा आवाज त्या घरापर्यंत जाऊ नये म्हणून असावं. त्यांनी बाळाला तपासलं, शेळीचं दूध किती पाणी घालून द्यायचं ते सांगितलं आणि शेजारच्या कुणाला बघायला गेले. भागाबाई आणि मी राहिलो. बाळ झोळीत होतं. भागाबाई जमिनीकडं बघत झोळीला हात देत होती. मी उभीच होते.

"मावशी, मोटार आपोआप बंद पडली न्हाई. मी मोडली. अप्पांनी नको म्हणलं हुतं. मी छन्नीनं ठोकली आन तोटी फुटली. आन आदल्या सांजेला सांगितलं बी न्हाई."

झोळीचा हात थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे कोरडे होते. "तुज्या बापानं तर तसं सांगितलं न्हाई."

"न्हाई."

"मग तू कामून सांगायलीस?"

 बाबूमियाँनी सांगितलेला तो माणूस माझ्या डोक्यात होता, आणि मी बहुतेक 'बैस' या एका शब्दाची वाट बघत होते. भागाबाईनं तो शब्द म्हटला नाही. ती अगदी हळू, जणू स्वतःशीच म्हणाली, "इतके दिस मी देवानं नेली म्हणत हुते. देवाला दोष दिऊन भाकर तरी खाऊ वाटायली हुती. आता तुजं मन हलकं झालं, व्हय ना? माजं काय झालं?" मग तिनं झोळीला परत हात दिला. "जा, बाई. जा आता."

मी लिंबाखाली येऊन मोटारीत बसले. अप्पा आले, हँडल मारलं, आम्ही निघालो. वेस मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "सांगितलंस?" मी व्हय म्हटलं. ती काय म्हणाली तेही सांगितलं, जसंच्या तसं. अप्पा गाडी चालवत राहिले. टेकाड आलं, तिथं त्यांनी मोटार थांबवली आणि दोन्ही हात चक्रावर ठेवून बसले.

"तिचे पाय सुजलेले मी बघितले हुते," ते म्हणाले. "डोळ्यांपुढं अंधारी म्हणाली. तवाच तिला आपल्या घरी ठिवून घ्यायला पायजे हुतं. पुस्तकात तसंच लिवलंय. मी म्हणलं, मोटार हाय, पोचू. त्या दिवशी त्यांनी इचारलं तर मी मोटारीवर ढकलून मोकळा झालो. तू बी तुजंच सांगून आलीस. आता ती माय एकट्या तुज्यावर जीव जाळत बसंल."

ती वाट अरुंद होती. दोन्ही बाजूंना बाभळी. अप्पांनी मोटार चार-पाच वेळा मागं-पुढं करून वळवली आणि आम्ही परत बोरवाडीला गेलो. या वेळी त्यांनी ती थेट दारापुढं नेली. भागाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. अप्पा उतरले, टोपी काढली आणि तिच्यापासून दोन हातांवर जमिनीवरच बसले. परीट घडीचं धोतर मातीत. मी मोटारीतून बघत होते. अप्पांचे ओठ हलत होते, शब्द ऐकू येत नव्हते. सुपाचा आवाज तेवढा येत होता. ते बोलत होते तोपर्यंत भागाबाई मान खाली घालून पाखडत राहिली. मग तिनं सूप खाली ठेवलं आणि काहीतरी विचारलं. अप्पांनी व्हय म्हणून मान हलवली. तिनं परत विचारलं, त्यांनी परत मान हलवली. ती पदर तोंडाला लावून रडू लागली, मोठ्यानं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, असं मारुतीनं मागून सांगितलं. अप्पा उठले नाहीत. तिचं रडणं थांबेपर्यंत तसेच बसून राहिले. 

अप्पांनी त्यानंतर पाय सुजलेल्या गरोदर बाईला कधी परत खेड्यावर पाठवलं नाही. आमच्या मधल्या खोलीत बाज पडली आणि ती क्वचितच रिकामी राहिली. आईनं त्या बायांचं पथ्यपाणी केलं. मोटारीचं काम मीच करत राहिले, पण बाबूमियाँ असताना.

भागाबाई बाजाराच्या दिवशी नातीला घेऊन दवाखान्यात यायची. अप्पांसमोर पोर ठेवायची, वजन करून घ्यायची, उठून जायची. माझ्याकडं बघायची नाही, आणि मीही तिच्या वाटेत जात नसे. असे तीन-चार महिने गेले. एका बाजाराच्या दिवशी दवाखान्यात फार गर्दी होती. ती ओट्यावर पोर खांद्यावर घेऊन किती तरी वेळ उभी होती. मी औषधाच्या बाटल्या धुऊन बाहेर आले, तशी तिनं पोर माझ्यापुढं धरली.

"धर गं जरा. हात भरून आलेत माजे."

मी हात परकराला पुसले आणि तिला घेतलं. चांगली जड झाली होती.